पाऊण तास

मोझेल नदीच्या काठावर आमचा डोंगर आहे,
पाटीच्या दगडाचा, काळा, पायाखाली सरकणारा.
पावसानंतर त्याच्या कपच्या सुटून रस्त्यावर येतात
आणि बाबा त्या खोऱ्याने गोळा करून
पुन्हा वर नेऊन टाकतात, वेलींच्या बुडाशी.
चौतीस वर्षं.
झीज भरून काढता येते असं त्यांना वाटत आलंय
ते यामुळेच.

दाताचं तसं नसतं.

ऑक्टोबर उलटला की रोज सकाळी तळघरात
एकेका पिंपातला घोट.
जिभेवर घोळवायचा, दातांच्या फटींतून हवा आत ओढायची,
मग बादलीत थुंकायचा. चाळीस पिंपं, चाळीस घोट.
कोवळी रीसलिंग फार आंबट असते.
लहानपणी मला चमच्याच्या टोकावर थेंबभर दिली होती,
दिवसभर दात आंबले होते माझे
आणि बाबा हसले होते, पांढरेशुभ्र.

आता ते खिडकीकडे तोंड करून बोलत असले
की पुढच्या दातांच्या कडांतून उजेड आरपार येतो,
पातळ चिनी बशीतून यावा तसा.
दाढांवर खळगे पडलेत, इवलेसे, थेंब साचावा एवढे.
थंड पाणी ते आधी गालात धरून ठेवतात, मग गिळतात.
कुणाला सांगत नाहीत.

ट्रियरच्या डॉक्टर थेलेनबाईंनी आरसा धरला,
विचारलं, चव घेऊन झाली की काय करता?
बाबा खुर्चीत ताठ झाले.
"लगेच घासतो. कडक ब्रशने, जोर लावून.
एक दिवस चुकलेलो नाही."
बाई क्षणभर काहीच बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "आम्लाने वरचा थर मऊ पडलेला असतो, हेर बाल्डेस.
अशा वेळी ब्रश म्हणजे कानस.
अर्धी झीज वाइनची आहे.
अर्धी तुमची."

परतताना गाडीत बाबा गप्प.
विटलिखच्या फाट्यावर एवढंच म्हणाले,
"स्वच्छ करत होतो मी."

आता तळघराच्या दारावर बाईंच्या अक्षरातला कागद आहे:
आधी नुसत्या पाण्याने चूळ. चीजचा एक तुकडा.
मग पाऊण तास काही करू नका,
लाळेला तिचं काम करू द्या.
ब्रश मऊ, हात हलका, रात्री फ्लोराइड.
खाली, दोनदा अधोरेखित:
गेलेलं उगवत नाही, आहे ते राखा.

पण काही न करणं बाबांना येत नाही.
फोल्कर, माझा भाऊ, जेवणाच्या टेबलावरून उठून गेला
त्या रात्रीही त्यांना थांबता आलं नव्हतं.
आईने दातांच्या कण्या केल्या, सकाळ होऊ दे म्हणून.
त्यांनी चार पानी पत्र लिहिलं,
कोण कधी काय म्हणालं, कुणाचं कुठे चुकलं, सगळं,
एक कोपरा घासायचा ठेवला नाही.
फोल्कर ब्रेमेनला असतो. नाताळला कार्ड येतं,
त्यावर फक्त सही.

तर ते पायरीवर बसतात, गालात चीज,
शेजारी अंडी उकडायचं घड्याळ टिकटिकत.
खडी भरलेल्या बोटी संथ खाली जाताना मोजतात.
पहिल्या आठवड्यात त्यांनी पायरीचा सैल दगड बसवला,
दुसऱ्यात कात्रीला धार लावली.
तिसऱ्यात हात मांडीवर.

काल म्हणाले, "ते पत्र."
मी कपबशा विसळत होते. नळ बंद केला.
पुढे काही आलं नाही.
एक बोट गेली, तिच्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते.
"त्याच रात्री टाकलं मी पेटीत. पावसात जाऊन."
घड्याळ वाजलं.

बाबांनी जीभ दातांवरून फिरवली,
हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
ओली पाटी वाळली का पाहावं तशी.
उठले नाहीत.
घड्याळाची चावी पुन्हा पिळली,
किती, ते मला दिसलं नाही.